चावीचें गाणें आणि तोतये भाग

मुळशीचें नांव महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत एका लढ्यामुळें राहिलें आहे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळांतील शेतकऱ्यांनीं आपल्या भाताच्या खाचरांसाठीं तेथें सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं तो तीन वर्षांवर चालला; पण जमीन वांचली नाहीं. निळा-मुळेचें पाणी अडलें, पूर्वेस वाहणारा तो प्रवाह सह्याद्रीच्या पश्चिमेस वळविण्यांत आला, आणि १९२७ सालीं भिरा येथील वीजगृह चालूं झाल्यावर मुळशीच्या खोऱ्याचें पाणी विजेच्या रूपानें मुंबईकडे वाहूं लागलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जुलैच्या २३ तारखेस मुंबईस ध्वनिक्षेपणाचें केंद्र उघडलें. शहरांतील सुखवस्तु घरीं दिवा आणि गाणें हीं दोन्हीं कळ फिरवितांच हजर होण्याचे दिवस आले. ज्या खोऱ्याचें पाणी त्यासाठीं खर्चीं पडलें, तेथल्या घरांत मात्र रात्रीं रॉकेलची चिमणीच जळत होती.

अशा चिमणीच्या उजेडांतहि, विजेच्या तारेची वाट न पाहतां, गाणें ऐकवूं शकेल असें एक यंत्र त्या काळीं होतें. तें म्हणजे चावीचा ग्रामोफोन. आणि त्यांतहि मूठ धरून गांवोगांव नेतां येणारी त्याची पेटी. या लेखांत आम्ही त्या पेटीचा, किंबहुना तिच्या दुरुस्तीचा, इतिहास सांगणार आहों. यंत्राच्या शोधाची कथा सर्वत्र आवडीनें सांगितली जाते. तें यंत्र बिघडल्यावर पुढें काय झालें, इकडे लक्ष कमी जातें. वस्तुतः यंत्राचें आयुष्य शोधकापेक्षां दुरुस्ती करणाराच्या हातीं अधिक असतें, आणि त्या दुरुस्ती करणाराचा हात त्याला मिळणाऱ्या सुट्या भागांच्या सचोटीवर अवलंबून असतो. हा प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं. त्याच मुळशी तालुक्यांत हिंजवडीस आज गणकयंत्रांच्या कारभाराचें मोठें नगर वसलें आहे. तेथला एखादा हौशी तरुण घरीं बसल्या बसल्या देशोदेशींचे सुटे भाग मागवितो, आणि वडिलांची वा स्वतःची जुनी संगीतपेटी जिवंत करूं पाहतो. त्याला येणारा अनुभव त्याच्या पणजोबाच्या काळच्या अनुभवाहून फारसा निराळा नाहीं, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

एडिसननें बोलणारें यंत्र १८७७ सालीं सिद्ध केलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या सालाची आणखी एक आठवण ठेवण्याजोगी आहे. हिंदुस्थानच्या टपालखात्यानें 'व्हॅल्यू पेएबल', म्हणजे लोकांच्या तोंडची 'व्ही. पी.', ही पद्धति त्याच वर्षीं सुरू केली. एका शोधानें गाणारा दृष्टीआड झाला असतांहि त्याचें गाणें ऐकण्याची सोय झाली. दुसरीनें विकणारा दृष्टीआड असतांहि त्याचा माल घेण्याची सोय झाली. या दोन सोयींची गांठ पुढें कशी पडली तें ओघानें येईलच.

एडिसनचें यंत्र नळकांड्यावर चाले. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं चपट्या तबकडीची युक्ति काढली आणि एका मूळ ठशावरून हजारों प्रति छापण्याचा मार्ग मोकळा झाला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेस्बर्ग हा कलकत्त्यास येऊन उतरला व त्यानें गौहरजान आदि गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या काळीं जगांतील लाखेचा मुख्य पुरवठा हिंदुस्थानांतून होई व तबकड्या या लाखेच्याच बनत. पण त्या छापण्याचें काम जर्मनींतील हॅनोव्हर येथें चाले. लाख आमची, कंठ आमचा, आणि तबकडी मात्र सातासमुद्रांपलीकडून विकत आणावयाची, असा तो व्यवहार होता. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला तेव्हां तबकड्या येथें छापूं लागल्या. यंत्रें आणि त्यांचे सूक्ष्म भाग यांसाठीं मात्र विलायतेच्या तोंडाकडे पाहणें सुटलें नाहीं.

आरंभींचे ग्रामोफोन मोठ्या कर्ण्याचे, दिवाणखान्यांतील मेजावर ठेवावयाचे असत. कर्णा पेटीच्या पोटांत दडवून, झांकण लावून, मूठ धरून नेतां येईल असें यंत्र लोकप्रिय केलें तें 'डेक्का' या नांवाच्या पेटीनें. ती १९१४ सालीं बाजारांत आली आणि लगेच महायुद्ध जुंपलें. खंदकांतल्या सैनिकांनीं ती जवळ केली व तेथूनच तिची कीर्ति पसरली. 'हिज मास्टर्स व्हॉइस' या, म्हणजे आपल्याकडील कुत्र्याच्या छापाच्या, कंपनीची १०१ क्रमांकाची पेटी १९२५ सालीं निघाली आणि तिच्याहून सुधारलेली १०२ क्रमांकाची १९३१ सालीं. जुन्या घरांच्या माळ्यावर आज काळ्या मेणकापडाची जी पेटी सांपडते ती बहुधा याच घराण्यांतील असते. १९२५ सालापासून गाणें मुद्रित करण्याचें काम विजेच्या साह्यानें होऊं लागलें होतें; पण ऐकणाराला वीज लागत नव्हती. मुद्रणगृहांत वीज शिरली आणि श्रोत्याच्या घरीं चावी राहिली, म्हणूनच ही पेटी खेड्यापाड्यांत जाऊं शकली.

आतां ही पेटी बिघडते कशी, हें समजण्यासाठीं ती चालते कशी हें पाहिलें पाहिजे. तिच्या पोटांत एक धातूचा गोल डबा असतो. त्यांत कित्येक फूट लांबीची पोलादी पट्टी गुंडाळलेली असते, हीच स्प्रिंग. चावी फिरविली कीं ती आवळते, आणि सैल होतां होतां दंतचक्रांच्या द्वारें तबकडीचा थाळा फिरविते. परंतु आवळलेली स्प्रिंग प्रथम जोरानें ओढते आणि मग मंदावते. गाण्याला तर अथपासून इतिपर्यंत एकच गति पाहिजे, मिनिटास ७८ फेरे. ही गति राखणारा जो भाग त्यास गव्हर्नर म्हणतात. एका उभ्याआडव्या फिरत्या दांड्यावर तीन बारीक पट्ट्यांना तीन वजनें लावलेलीं असतात. वेग वाढला कीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, त्यांच्या ओढीनें एक लहान चकती सरकते व कातड्याच्या तुकड्यावर घासून वेगास आळा घालते. वेग उतरला कीं वजनें आंत येतात व घर्षण सुटतें. ही योजना इतकी नाजूक आहे कीं, पट्टीच्या जाडींत केसाइतका फरक पडला तरी गाणें डळमळूं लागतें. मिनिटास चार-साडेचार फेरे कमी झाले म्हणजे सूर अर्ध्या स्वरानें खालीं येतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी एकमध्यें गाऊं लागतो. यांत गवयाचा दोष नसतो. पण ऐकणारास तें कोणीं सांगावें?

दुसरा नाजूक भाग साउंडबॉक्स. सुई तबकडीच्या चरींत धांवते, तिचें थरथरणें एका लहान तरफेनें पडद्यास पोंचतें आणि पडदा हवेस हालवितो. हा पडदा पूर्वीं अभ्रकाचा असे, पुढें तो ॲल्युमिनियमचा झाला. त्याच्या दोन्ही बाजूंस रबराचीं मऊ कडीं असतात. कडें कठीण झालें कीं आवाज चिरका होतो. तरफेचें टोंक सैल झालें कीं चरचर सुरू होते. तिसरा भाग सुई. तबकडीच्या लाखेंत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते, ती पोलादी सुईचें टोंक घांसून चरीच्या आकाराचें करून घेते. म्हणून एका बाजूस एक सुई, आणि मग ती टाकून द्यावयाची, असा नियम होता. दोनशें सुयांची टिनाची डबी घरोघर असे. पैसा वांचविण्यासाठीं एकच सुई दहा वेळां वापरणारा गृहस्थ आपल्याच तबकडीवर नांगर चालवीत असे.

स्प्रिंग तुटणें हा या पेटीचा सर्वांत मोठा आजार. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि चावी हातांत मोकळी फिरूं लागते. बहुतेक वेळां ती आंतल्या टोंकाशीं, जेथें खुंटीस अडकते तेथेंच, तुटते. असें यंत्र बहुधा घड्याळजीकडे जाई, कारण दंतचक्रें आणि स्प्रिंग यांची जात त्याच्या ओळखीची. तो डबा उघडी, वर्षानुवर्षांच्या वंगणाचा झालेला काळा डिंक रॉकेलनें धुऊन काढी, स्प्रिंगेचें तुटकें टोंक तांबडें होईपर्यंत तापवून मऊ करी, त्यास नवें भोंक पाडी आणि पट्टी पुन्हां डब्यांत बसवी. डब्यांतून सुटणारी स्प्रिंग हात फाडूं शकते, म्हणून हें काम धीराचें असे. अशा दुरुस्तीनें स्प्रिंग थोडी तोकडी होई, चावीचे एकदोन फेरे कमी लागत, पण पेटी पुन्हां गाऊं लागे. येथें नवा भाग लागलाच नाहीं. लागलें तें मूळच्याच भागाचें ज्ञान. आमच्या मतें दुरुस्तीच्या इतिहासांतील हें पहिलें, आणि सर्वांत सचोटीचें, पर्व होय.

परंतु प्रत्येक भाग असा सांधतां येत नाहीं. गव्हर्नरची पट्टी मोडली, अभ्रकास चीर गेली, तर नवा भाग पाहिजेच. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. या पेट्या सर्वच्या सर्व एकाच कारखान्यांत घडत होत्या असें नाहीं. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतांत सेंत-क्रोआ नांवाचें गांव आहे. तेथें पूर्वीं गाणाऱ्या डब्या बनत. त्या कारागिरीवरच पुढें थोरेन्स, पेयार इत्यादि कारखाने ग्रामोफोनचीं यंत्रें बनवूं लागले. तीं यंत्रें देशोदेशीं जात, तेथला व्यापारी त्यांना लांकडी पेटी करी, दुसरीकडचा साउंडबॉक्स लावी आणि आपल्या नांवाची पट्टी ठोकून विकी. म्हणजे आज ज्यास आम्ही 'अस्सल जुनी पेटी' म्हणतों ती पुष्कळदां जन्मापासूनच चार ठिकाणच्या भागांचा मेळ असे. तथापि तिला कोणी खोटी म्हटली नाहीं, कारण भाग मापास बरोबर होते आणि पट्टीवरचा माणूस त्यांबद्दल जबाबदार होता. अस्सलपणाची कसोटी उगम नसून माप आणि जबाबदारी ही आहे.

हे भाग पुण्यामुंबईच्या दुकानांत मिळत. पण लहान गांवच्या माणसास आधार व्ही. पी.चा. त्या काळच्या मासिकांचीं शेवटचीं पानें चाळलीं तर घड्याळें, बाजाच्या पेट्या, औषधें यांच्या जाहिरातींची गर्दी दिसते, आणि प्रत्येकीच्या तळाशीं माल व्ही. पी.नें पाठविण्याची ग्वाही असते. या पद्धतींतील मेख अशी कीं, पैसे पोस्टांत भरल्यावांचून पुडकें उघडतां येत नसे. दुकानीं गिऱ्हाईक सुटा भाग हातांत घेऊन पाही, आपल्या मोडक्या भागाशीं ताडून पाही, दुकानदाराशीं हुज्जत घाली. व्ही. पी.मध्यें हें सारें चित्रावर आणि शब्दावर आलें. वस्तु पाहिल्यावांचून घ्यावयाची, आणि फसगत झाल्यास भांडावयास समोर कोणी नाहीं, ही स्थिति आजची नव्हे. ती तेव्हांपासूनची आहे.

दुसऱ्या महायुद्धानें या व्यापारास आणखी एक वळण लावलें. १९४२ सालीं अमेरिकेनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. युद्ध संपलें आणि चावीच्या पेटीचे दिवसहि भरत आले. १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ सालीं त्यावर चालणारा पहिला खिशांतला रेडिओ अमेरिकेंत विक्रीस आला. चावीची जागा कोरड्या बॅटरीनें घेतली. १९७० च्या सुमारास आपल्या देशांत लाखेच्या तबकड्या छापणेंहि थांबलें. कारखान्यानें पाठ फिरविली, पण घरोघरच्या पेट्या आणि तबकड्या कोठें जाणार? येथून दुरुस्तीच्या इतिहासाचें दुसरें पर्व सुरू होतें, आणि तें तोतयांचें पर्व आहे.

मुंबईच्या चोरबाजारांत चकाकणाऱ्या पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पाहून पुष्कळांचे डोळे दिपतात. पेटीवर कुत्र्याचें चित्र असतें, खालीं विलायतेच्या कंपनीचें नांव असतें. जाणकार सांगतात कीं, त्यांतील यंत्र एखाद्या मोडक्या पेटीचें, लांकूड नवें, कर्णा कालपरवां ठोकलेला, आणि चित्राची पट्टी तर डझनांनीं मिळणारी. हे तोतये ग्रामोफोन भारतांतून जगभर गेले आहेत, आणि परदेशचे संग्राहक त्यांच्यापासून सावध राहण्याचे इशारे एकमेकांस देतात. पण आमच्या मतें संपूर्ण यंत्राच्या तोतयेपणापेक्षां सुट्या भागाचें तोतयेपण अधिक घातक आहे. शोभेचें यंत्र दिवाणखान्यांत बसून राहतें. खोटा साउंडबॉक्स मात्र खऱ्या तबकडीवर चालतो.

पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. पुढें कांहीं वर्षांनीं 'मीच भाऊ' म्हणणारा एक तोतया उभा राहिला. माणसें त्याच्या मागें गेलीं, कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि अखेर १७७६ सालीं पुण्यास त्याला देहदंड झाला. लोक त्याच्या नादीं लागले, कारण भाऊ परत यावे असें त्यांना मनापासून वाटत होतें. जुन्या यंत्राचा सुटा भाग शोधणाराची मनःस्थिति नेमकी अशीच असते. आजोबांची पेटी पुन्हां गावी, या इच्छेनें तो इतका व्याकूळ झालेला असतो कीं, भाग दिसतांच त्याची परीक्षा करण्याचें भान त्याला राहत नाहीं. तोतयाचें भांडवल म्हणजे ही इच्छा होय.

आतां असा भाग नेमकें काय करतो तें पाहूं. नकली साउंडबॉक्स ओबडधोबड ओतलेला असतो. तरफेचीं टोंकें जेथें बसतात तेथें फट राहते, पडदा नको तितका जाड किंवा पातळ असतो, रबर कांहीं महिन्यांतच ताठते. जुन्या साउंडबॉक्सचें सुईवर पडणारें वजनच शंभर ग्रॅमहून अधिक असतें. त्यांत तरफ नीट हालत नसेल तर सुई चरीच्या भिंती खरवडून काढते. तबकडीवर पांढुरकी रेघ दिसूं लागते. ती रेघ म्हणजे गळून पडलेलें गाणें होय. नवा भाग पुन्हां घेतां येईल, पण ती चर पुन्हां कोरतां येणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, नकली भाग नकोत, मूळचेच घ्यावे. पण काळाची गति अशी कीं, मूळचा भागहि विश्वासास उरत नाहीं. त्या काळीं साउंडबॉक्सचे मागले भाग आणि सुई धरणाऱ्या नळीचे सांधे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीत. त्या जस्तांत शिशाचा अंश राहिला असल्यास धातु आंतल्या आंत कुजते; प्रथम फुगते, मग तिला बारीक चिरा पडतात आणि शेवटीं ती हातांत चुरा होते. कपाटांत साठ वर्षें न वापरतां राहिलेला, मूळच्या खोक्यांतला भाग असा निघूं शकतो. म्हणजे 'मूळचा' हा शब्द उगम सांगतो, गुण सांगत नाहीं. आणि 'न वापरलेला' म्हणजे न झिजलेला एवढेंच, न म्हातारा झालेला असें नव्हे.

हाच न्याय पुढच्या यंत्रांसहि लागला. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली. १ जुलै १९७९ रोजीं जपानांत सोनीचा वॉकमन विक्रीस आला आणि गाणें पेटींतून निघून कमरेच्या पट्ट्यावर आलें. त्यांत स्प्रिंगेच्या जागीं रबराचा बारीक पट्टा आहे. वर्षें लोटलीं कीं हा पट्टा ताणतो, कांहींचा तर डांबरासारखा चिकट लगदा होतो. पट्टा सैल झाला कीं पुन्हां तोच जुना रोग, सूर डळमळणें. पुण्यास तपकीर गल्लींतील दुकानांत मोडकें यंत्र दाखवून मापाचा पट्टा निवडून घेतां येई. मग आला आयपॉड. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं जाहीर झालेल्या या डबींत एक हजार गाणीं मावत. लाखेच्या तबकड्यांच्या हिशेबानें हें गाणें पांचशें तबकड्यांचें, म्हणजे सुमारें शंभर किलोंचें, दोन हमालांचें ओझें होय. तें शर्टाच्या खिशांत बसलें. परंतु या डबीस स्क्रू दिसत नाहीं, झांकण उघडण्याची सोय नाहीं, आणि बॅटरी आंत बंद केलेली आहे. बॅटरी तर काहींशें वेळां भरल्यावर मंदावणारच. अमेरिकेंत २००३ सालीं यावरून मोठी ओरड झाली, खटले झाले आणि २००५ सालीं तडजोड झाली. २०२२ च्या मे महिन्यांत या घराण्यांतील शेवटची डबीहि बंद झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें. चावीच्या पेटीवर जी वेळ १९७० च्या सुमारास आली, ती आयपॉडवर येण्यास वीसच वर्षें लागलीं.

समजा, पिरंगुटच्या किंवा हिंजवडीच्या एखाद्या गृहस्थानें ही डबी दुरुस्त करण्याचें मनावर घेतलें. तो 'ऑनलाइन' म्हणतात त्या बाजारांत शोध करतो. एकाच छायाचित्राखालीं वीस विक्रेते, वीस किंमती. बॅटरीच्या अंगावर छापलेली धारणशक्ति आणि आंतली खरी धारणशक्ति यांचा मेळ असेलच असें नाहीं. विक्रेता आकडा छापतो, तो मोजून पाहणारा कोणी नसतो. 'जुन्या साठ्यांतील नवी' म्हणून जी मिळते ती लिथियमची बॅटरी कपाटांत पडल्या पडल्याहि म्हातारी झालेली असते. ती फुगली तर आंतील पडदा उचलून फोडते. टोंचली गेली तर पेट घेऊं शकते. डबी उघडतांना कागदासारखी पातळ तारपट्टी तुटली कीं तिच्यासाठीं दुसरें पुडकें, आणि त्या पट्टीचें टोंक मापास न बसल्यास तिसरें. तीन पुडक्यांचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो, मग घरचीं माणसें म्हणतात, 'टाकून द्या तें.' फसवणुकीचा खरा तोटा तो गृहस्थ भरतोच. पण त्याहून मोठा तोटा हा कीं, वस्तु दुरुस्त होते या गोष्टीवरचा त्या घराचा विश्वास उडतो.

कायद्यानें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें खोटा माल खरा म्हणून विकणें याची व्याख्या केली आहे. २०२० च्या नियमांनीं ऑनलाइन विक्रेत्यास मालाचा मूळ देश सांगणें भाग पाडलें आहे. लिथियमच्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. २०२२ च्या जुलैंत केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली व त्याच वर्षीं २४ डिसेंबर रोजीं, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. तेथें कंपन्यांनीं आपल्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती द्यावी अशी योजना आहे. युरोपांतहि २०२४ सालीं अशा हक्काचा कायदा झाला. हीं पावलें स्तुत्य आहेत. परंतु ज्या यंत्राचा निर्माताच बाजारांतून उठून गेला, त्याचे भाग कोणीं पुरवावे, या प्रश्नाचें उत्तर त्यांत मिळत नाहीं.

तें उत्तर, आमच्या समजुतीप्रमाणें, प्रतिकृति आणि तोतया यांतील भेद ओळखण्यांत आहे. निर्माता गेल्यावर नवे भाग कोणीतरी बनविलेच पाहिजेत. तसे न बनले तर जुनीं यंत्रें मुकीं होतील. जो कारागीर गव्हर्नरची पट्टी मापानें कापतो, रबराचें कडें योग्य मऊपणाचें ओततो, आणि 'हें मीं केलें आहे' असें सांगतो, तो यंत्राचा पुनर्जन्मदाता आहे. त्याच भागावर जो कुत्र्याचें चित्र उठवितो तो तोतया. पहिल्याचा भाग वाईट निघाला तर त्याच्याकडे परत जातां येतें व पुढच्या खेपेस तो सुधारतो. दुसऱ्याचा भाग वाईट निघाला तर बोट दाखवावयास शंभर वर्षांपूर्वींच्या कंपनीवांचून कोणीच नाहीं. खोट्या नांवाखालीं विकलेला भाग म्हणूनच कधीं सुधारत नाहीं. चाणाक्ष गिऱ्हाइकांनीं स्वतःच्या नांवानें विकणाऱ्या कारागिरास दोन पैसे अधिक देऊन जगविलें, तर या धंद्याची प्रत आपोआप वर येईल.

हें सारें कशासाठीं, असा प्रश्न उरतो. गाणें तर आतां हवेंतून येतें. पेटी गेली म्हणून काय बिघडलें? बिघडतें तें असें. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. बालगंधर्व १९६७ सालीं गेले. त्यांच्या ऐन भरांतील गळ्याचा साक्षात् पुरावा आज उरला आहे तो लाखेच्या तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत. त्यांतील नांवाजलेल्या गाण्यांच्या प्रति झाल्या आहेत. पण कमी नांवाच्या गायकांच्या, तमासगिरांच्या, कीर्तनकारांच्या कित्येक तबकड्या कोणाच्या तरी घरच्या पेटाऱ्यांतच असण्याचा संभव आहे. मुंबईस १९९० सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनें, आणि तिचे चिटणीस डॉ. सुरेश चांदवणकर यांनीं, अशा तबकड्या जमविणें, त्यांची माहिती लिहिणें आणि त्या लोकांस ऐकविणें हें काम निष्ठेनें केलें आहे. त्या कामास खरी अडचण यंत्रांच्या अभावाची नाहीं. वाईट यंत्रांनीं आधींच खरवडलेल्या तबकड्यांची आहे.

म्हणून ज्या कुटुंबांत अशी पेटी व तबकड्या असतील त्यांस आमचें सांगणें थोडें आहे. पेटी प्रथम गाववूं नये. आधीं स्प्रिंगेचा डबा धुऊन नवें वंगण घालावें, कारण निम्मे आजार वंगणाचेच असतात. बाहेरून मागविलेला साउंडबॉक्स लावावयाचा तर तो आधीं एखाद्या फुटक्या, निरुपयोगी तबकडीवर लावून पाहावा व ती पांढुरकी होते कीं काय तें पाहावें. सुई प्रत्येक बाजूस नवी घ्यावी. जी तबकडी दुसऱ्या कोणाकडे असण्याचा भरंवसा नाहीं, ती चावीच्या पेटीवर मुळींच लावूं नये. हलक्या सुईच्या विजेच्या यंत्रावर तिची नक्कल जाणत्याकडून करून घ्यावी. आणि सुटा भाग मागवितांना विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: हा कोणीं केला? ज्याला त्याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचा माल कितीहि स्वस्त असला तरी घेऊं नये.